सतरा नंबरची हजेरी

त्या कारखान्यात पगारबाईंना खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर येत नसे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे धुऊन, इस्त्री करून परत पाठवणारा तो धुलाईचा कारखाना. खाली हॉलमध्ये पाण्याचा आणि वाफेचा धुमाकूळ, आणि वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, काचेची एक खोली. त्या खोलीत बसून पगारबाई महिनाभर सगळ्यांच्या हजेरीचा, रजांचा आणि जादा तासांचा मेळ घालत. एखाद्याचा अर्धा दिवस चुकून कापला गेला, तर त्याच्याआधी तो यांना कळे. 'पगारबाईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही,' असं घड्या घालणाऱ्या बायका म्हणत. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे पगार किती दिवसांवर आलाय त्यावर अवलंबून असे.

त्यांचा नवरा याच कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. बायको वर, नवरा खाली. सकाळी दोघं एकत्र फाटकातून आत शिरत आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचं तोंड बघत नसत. लोकांना थट्टेला तेवढं पुरे होतं. 'तुमचं घरी वाजलं ना, की आमच्या चादरी सुरकुतलेल्या निघतात,' असं घडीवाली मावशी भर हॉलमध्ये ओरडून सांगायची. नवरा हसायचा आणि काट्याकडे बघत राहायचा. बॉयलरच्या काट्यावरून त्याची नजर कधी हटत नसे. कामावर उशिरा येणं तर त्याला ठाऊकच नव्हतं. वाफ तयार नसेल तर सगळा कारखाना हात बांधून बसतो, म्हणून तो सगळ्यांच्या आधी यायचा. बायकोलाही त्याच्याबरोबर लवकर निघावं लागे. त्यावरून ती आयुष्यभर कुरकुरली.

तो गेला तो एका सुट्टीच्या सकाळी, घराच्या उंबऱ्यात बसून बूट घालता घालता. एक बूट पायात, दुसरा हातात. आतून बायकोने 'निघताय ना?' म्हणून विचारलं आणि उत्तर आलं नाही. उत्तर द्यायचा त्याला तसाही कंटाळाच होता, म्हणून तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग बाहेर येऊन पाहिलं.

पगारबाई रडल्या नाहीत. आधी लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मग म्हणाले, बाई दगड आहे. मग ज्याला त्याला आपापले उद्योग लागले. खरं तर त्या खंबीरही नव्हत्या आणि दगडही नव्हत्या. दात काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात, ते उतरायचंच राहून जावं, तसं काहीसं झालं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, बेरजा बरोबर येत होत्या. फक्त कशाचं काही वाटत नव्हतं. घरी त्या उंबऱ्याच्या त्या जागेवर मात्र पाय ठेवत नसत, ओलांडून जात. सासूबाई ते बघत आणि काही बोलत नसत. गेलेल्या मुलाचा फोन सासूबाईंनी फळीवर ठेवला होता आणि रोज सकाळी तो न चुकता चार्ज करत. त्यावर सूनबाई काही बोलत नसे. घरात दोघीच, आणि अशी ही दोघींची तडजोड.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. तिथे नंबर माणसाला नसे, जागेला असे. बॉयलर म्हणजे सतरा. गेटवर मशिनीला लावायचं हजेरीचं कार्ड सतरा, कपाट सतरा, हेल्मेट सतरा, चहाचा मग टांगायचा खिळासुद्धा सतरा. माणूस जाई, नंबर राही. नवा आला की पगारबाईंनी संगणकात जुन्याचं नाव बंद करायचं, गेल्याची तारीख घालायची, कारण निवडायचं आणि त्याच नंबरावर नव्याचं नाव चढवायचं. एका नंबरावर दोन माणसं संगणक घेत नसे. हे काम पगारबाईंनी कित्येकदा केलं होतं. कुणी नोकरी सोडली, कुणी निवृत्त झालं, कुणाला काढलं, आणि दोन-तीनदा कुणी वारलं. वारलेल्यांच्या बायकांना तर त्यांनी शेजारी बसवून समजावलं होतं: दाखल्याच्या प्रती काढा, बँकेत कळवा, टाळू नका, जितकं टाळाल तितकं जड जाईल. लोकांना सांगायला शहाणपण भरपूर असतं.

स्वतःच्या नवऱ्याचं नाव त्यांनी बंद केलं नाही. 'बिनपगारी रजा' असं टाकून ठेवलं. दर महिन्याला सगळ्यांच्या चिठ्ठ्या छापून निघत, त्यात सतरा नंबरचीही निघे, त्याच्या नावाची, खाली शून्य. पगारबाई ती खणात ठेवून देत. बँकेतही कळवलं नाही. दाखला कपाटात पडून होता. मालकांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी डोळेझाक केली. दुसऱ्या पाळीचा बॉयलरवाला दोन्ही पाळ्या ओढत होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. मग त्याची कंबर धरली आणि नवा माणूस घ्यावा लागला.

मालक स्वतः जिना चढून वर आले. "पगारबाई, हे नव्याचं काम मी दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?"

"कशाला? माझंच काम आहे ते," पगारबाई म्हणाल्या. मालक सुटल्यासारखे खाली गेले.

नवा बॉयलरवाला चाळिशी उलटलेला होता. आधीचा कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला. पिशवीत सगळे कागद नीट लावून आणले होते, आणि प्रत्येक कागदाबरोबर त्याचा इतिहास.

"हा फोटो जरा जुना आहे बाई. तेव्हा केस होते."

"चालेल. बँकेचं पासबुक?"

"हे घ्या. त्यात काही नाही, पण खातं चालू आहे."

"आधीचा अनुभव?"

"वाफेतच जन्म गेला बाई. माझी आई म्हणते, तुला उकडून काढलाय."

दुसऱ्या एखाद्या दिवशी पगारबाई हसल्या असत्या. त्यांनी पुढचा रकाना वाचला. "वारस म्हणून कुणाचं नाव घालू?"

"आईचं."

"बायको?"

"लग्न राहून गेलं. आईच आहे." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "वारस माझ्यापेक्षा मोठा असला तर चालतो ना?"

"चालतो," पगारबाई म्हणाल्या. त्यांनी आईचं नाव लिहून घेतलं.

सगळं भरून झालं. वर एक रकाना उरला: नंबर. पगारबाईंनी सतरा टाकलं. संगणकाने उलट उत्तर दिलं, हा नंबर चालू आहे, आधी तो बंद करा. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. इस्त्रीच्या रोलरमधून चादर सरळ होऊन बाहेर येत होती आणि दोन बायका तिची टोकं पकडत होत्या. त्यांनी सतरा खोडलं आणि एकोणचाळीस टाकलं. कपड्यांच्या गाड्या ढकलणारा सोडून गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. संगणकाने निमूटपणे नाव घेतलं. पगारबाईंनी चिठ्ठीवर '३९' लिहून ती सुपरवायझरकडे पाठवली. बस, झालं काम. कुणाला हात लावावा लागला नाही.

खालच्या सुपरवायझरला सगळे घाईसाहेब म्हणत. घाईसाहेबांनी चिठ्ठी वाचली की नाही देव जाणे. बॉयलर म्हणजे सतरा, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी सतरा नंबरचं कार्ड काढलं, कपाटातलं हेल्मेट काढलं, किल्ली दिली आणि म्हणाले, "चला, चला, वाफ लावा." नवा माणूस; दिलं ते त्याने घेतलं. त्या दिवसापासून तो रोज गेटवर सतराचं कार्ड लावून आत जाऊ लागला. पगारबाईंना ते दिसलं नाही, कारण नवरा गेल्यापासून त्या बॉयलरच्या दाराकडून जातच नसत. मागच्या बाजूने, कचऱ्याच्या पिंपांजवळून वर चढत.

महिना संपला. पगार सोडण्याआधी पगारबाई हजेरीची सगळी यादी ओळीओळीने तपासत. या वेळीही तपासली. पण सोळानंतर त्यांची नजर सरळ अठरावर जायची, इतके महिने तिला तशी सवय लागली होती. शेवटी संगणक एक छोटी यादी छापतो, ज्यांची हजेरी शून्य आहे त्यांची. त्या यादीत दर महिन्याला एकच नाव असे, आणि ते कुणाचं हे वाचायची गरज नव्हती. याही वेळी एकच ओळ होती. पगारबाईंनी न वाचता कागद उलटा करून ठेवला. मुंगी न सोडणाऱ्या नजरेतून हत्ती गेला.

पगाराच्या दुपारी हॉलमध्ये एक गंमत असते. बँक नंबरवारीने पैसे टाकते, त्यामुळे फोनही नंबरवारीने वाजतात. धुण्याच्या मशिनींपासून सुरुवात होते आणि आवाज हळूहळू घड्यांच्या टेबलांकडे सरकत जातो. ज्याचा वाजला तो हात पुसतो. घडीवाली मावशी फोन चोळीत ठेवते आणि वाजला की दचकल्याचं नाटक करते. त्या दिवशीही सगळे फोन वाजून झाले. नवा बॉयलरवाला फोन हातात धरून बॉयलरच्या दारात उभा होता. त्याचा वाजला नाही. थोडा वेळ थांबून तो जिना चढला.

"बाई, माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. "नाही म्हणजे, आईला सांगून आलो होतो, आज फोन वाजेल म्हणून."

"बँकेकडून उशीर होतो कधी कधी. नव्या खात्याला," पगारबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत बघू."

"हो, हो. घाई नाही," तो म्हणाला आणि खाली गेला. घाई होती हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

तेवढ्यात पगारबाईंचा फोन वाजला. सासूबाई होत्या. कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नसत.

"अगं," सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "अगं, त्याचा फोन वाजला."

"कुणाचा?"

"त्याचा. फळीवरचा. पगार आलाय असं लिहिलंय बघ. मी चष्मा लावून दोनदा वाचलं."

पगारबाईंनी फोन ठेवला आणि सतरा नंबर उघडला. नवऱ्याचं नाव. खाली महिन्याचे सगळे दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढे: हजर. हजर. हजर. गेटवर हजेरी लागली की रजा आपोआप उठते, हे त्यांनीच कधीकाळी संगणकवाल्याकडून करून घेतलं होतं. इथे ती उठली होती. पगारबाई एकेक दिवस बोटाने वाचत खाली गेल्या. काय झालंय ते त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं होतं, शहाण्या होत्या त्या. पण वाचणं थांबवलं नाही. त्यांना बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं. माणूस रोज येत होता. सकाळी गेट उघडून आत जात होता, त्या वर बसल्या होत्या तेव्हा खाली वाफ तयार होत होती.

महिन्याच्या मध्यावर एका दिवसापुढे लिहिलं होतं: हजर, उशीर.

पगारबाई तिथेच थांबल्या. तो कधी उशिरा आला नव्हता. हा कुणीतरी दुसरा माणूस होता. त्याची आई म्हातारी होती, त्याला एखाद्या सकाळी उशीर झाला होता, आणि त्याने महिनाभर राबून मिळवलेला पगार एका मेलेल्या माणसाच्या खात्यात पडला होता. नवरा गेला हे त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. पटलं ते आज, या एका शब्दावर.

संध्याकाळी त्या घरी गेल्या. उंबरा ओलांडून आत आल्या. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या आणि फोन समोर ठेवला होता, एखादा पाहुणा बसवावा तसा.

"माझी चूक झाली, आई," पगारबाई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. नंबर, कार्ड, एकोणचाळीस, शून्याच्या यादीतली न वाचलेली ती ओळ, जी या वेळी नव्या माणसाची होती.

"म्हणजे हे पैसे त्या माणसाचे," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग देऊन टाक. त्यात काय?"

"असे नाही देता येत. खातं यांच्या नावावर आहे. बँकेला आधी कळवावं लागेल, हे... हे नाहीत म्हणून. दाखला द्यावा लागेल. मग बँक पैसे कारखान्याला परत करेल. आणि कारखान्यात यांचं नाव बंद करावं लागेल. त्याशिवाय त्याला हा नंबर मिळायचा नाही."

"अजून कळवलंच नाहीस बँकेला?"

"नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे फोन बंद केला? मला वाटायचं, मी बंद केला तर तुला लागेल."

"मला वाटायचं, मी नाव बंद केलं तर तुम्हाला लागेल."

"चांगल्या आहोत दोघी," सासूबाई म्हणाल्या. "एका शहाणीच्या पाठीला पाठ लावून दुसरी शहाणी." मग त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या घरी कोण आहे?"

"आई आहे."

"अजून?"

"आईच."

सासूबाईंनी टेबलावरचा फोन उचलला आणि पदराने त्याची काच पुसली. "दुपारी हा वाजला ना, तेव्हा माझा जीव कुठे गेला आणि कुठून परत आला, मलाच ठाऊक. तिचाही तसाच टांगला असेल, वाजत नाही म्हणून." फोन त्यांनी सुनेच्या हातात दिला. "यापुढे तिच्या घरी वाजू दे."

दुसऱ्या दिवशी पगारबाई पुढच्या दाराने आत गेल्या. बॉयलरच्या दाराशी थांबल्या. नवा माणूस काट्याकडे बघत उभा होता. डोक्यावर ते हेल्मेट होतं, कडेला सोलपटलेलं. ते कशाला लागून सोलपटलं होतं हे पगारबाईंना ठाऊक होतं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी. तुमचा पगार दुसऱ्याच्या नावावर गेला. मालकांशी बोलते, आज ऑफिसमधून उचल मिळेल. बाकीचं बँकेतून फिरून यायला वेळ लागेल."

"दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या?"

"माझ्या यजमानांच्या."

त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं आणि आतून पाहिलं, मग बाहेरून. हे कुणाचं हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. "हे... मी दुसरं मागून घेतो, बाई."

"कशाला? बॉयलरचंच आहे ते," पगारबाई म्हणाल्या. "घाला. उघड्या डोक्याने उभं राहायचं नाही इथे."

वर जाऊन त्यांनी सतरा नंबर उघडला. तारीख घातली. संगणकाने कारणांची यादी दाखवली: राजीनामा, निवृत्ती, कामावरून काढले, मृत्यू. यादीत इतर असंही एक कारण होतं. पगारबाईंचं बोट त्यावर जरा रेंगाळलं. मग त्यांनी खरं ते निवडलं. संगणकाने विचारलं, नक्की? त्या हो म्हणाल्या. नंबर रिकामा झाला, आणि रिकामा दिसायच्या आतच त्यांनी त्यावर नवं नाव चढवलं. वारसाच्या जागी त्याची आई. दुपारी अर्धी सुट्टी घेऊन त्या दाखला घेऊन बँकेत गेल्या. रांग होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या.

पुढच्या महिन्याच्या पगाराच्या दुपारी पगारबाईंनी काचेची खिडकी उघडी ठेवली. फोन वाजत वाजत पुढे सरकले. चौदा, पंधरा, सोळा. मग बॉयलरच्या दारातून एक आवाज आला, आणि घडीवाली मावशी ओरडली, "चला, वाफेचं पोट भरलं!" नव्या बॉयलरवाल्याने वर खिडकीकडे बघून हात केला. पगारबाईंनीही हात केला आणि पुढच्या कामाला लागल्या.

संध्याकाळी घरी पोचल्या तर दार उघडंच होतं. फळीवरचा फोन जागेवर होता, पण बंद. शेजारी चार्जर नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेला.

"वाजला का गं त्यांच्याकडे?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"वाजला," पगारबाई म्हणाल्या. चपला काढायला त्या वाकल्या आणि वाकता वाकता उंबऱ्यात बसल्या, नेमक्या त्या जागी. एक चप्पल पायात राहिली, एक हातात. मग त्यांना रडू आलं. इतके महिने थांबलेलं असल्यामुळे ते आवाज करत आलं, शेजारी ऐकू जाईल असं. सासूबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि तिथेच, उंबऱ्यात, जागा करून बसल्या.